दाताखालची साक्ष

आई,

झालं ते असं:

१. गेल्या सोमवारी सकाळची गर्दी ओसरल्यावर टाकीवाला दवाखान्याच्या मागच्या आवारात आला. स्वयंपाकघरातल्या जात्याला टाकी लावायची, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने टोचून खरखरीत करायचा होता. त्याला रस्त्यावरून मीच बोलावलं होतं.

२. दुपारभर तो तिथेच बसून काम करत होता. मधे त्याने पाणी मागितलं, ते मी दिलं. दिवस कलल्यावर तो गेला.

३. त्या जात्यावर दळलेल्या पिठाच्या भाकरी त्याच संध्याकाळी बायकांच्या वॉर्डात वाढल्या. त्यांत दगडाची कच होती. तशी तक्रार झाली.

४. त्याच दुपारी नेवाशाच्या बाजूला एका गावात चोरी झाली. ते गाव इथून इतकं लांब आहे की एक माणूस एका दुपारी दोन्हीकडे असू शकत नाही.

५. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी टाकीवाल्याला त्याच्या पालावरून धरून नेलं. तो कोठडीत आहे.

६. येत्या गुरुवारी त्याला कोर्टापुढे उभं करणार आहेत.

७. चोरी झाली तेव्हा तो कुठे होता हे मला ठाऊक आहे.

हे मी त्याची बाजू मांडणाऱ्या वकिलांसाठी लिहायला घेतलं होतं. ते म्हणाले, क्रमाने लिहून आणा, वाक्यं लांबवू नका. मला तसंच लिहिता येतं. पण सातव्या कलमाशी आले आणि पुढे काही सुचेना, तेव्हा दुसरा कागद घेऊन तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. मामाचं कार्ड आलं की तू पदराला हात पुसून ते माझ्या हातात द्यायचीस, आणि मी एकेक अक्षर लावत वाचायची. म्हणजे हे पत्रही तुला वाचून दाखवायला मीच हवी. पाठवण्यात अर्थ नाही हे मला कळतं. तरी लिहिते.

मी कंपाउंडर आहे, हे तुला आधी सांगायला हवं. तू तापाने गेलीस त्यानंतर अण्णांनी मला नगरला मावशीकडे ठेवलं. तिथे शाळा झाली, मग बायकांच्या या दवाखान्यात शिकले, परीक्षा दिली. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध तोलायचं, घोटायचं, गाळून बाटलीत भरायचं आणि बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, हे माझं काम. लढाईमुळे क्विनाईन मिळत नाही, बाटल्याही रोग्यांनाच घरून आणायला सांगतो. पण तराजू चांगला आहे, आणि तो मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. इथल्या नर्सा म्हणतात की मी माणसांशीही औषधासारखी ग्रेन-ग्रेन तोलून बोलते. ते खरं असावं. जे ठाऊक नाही ते मी बोलत नाही, आणि ठाऊक असलेलंही कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही. ही दुसरी सवय चांगली की वाईट याचा मी आठवडाभर विचार करते आहे.

तुला आपल्या आळीतला तो दिवस आठवत असेल. मला आठवतो तो असा. पहिला टाकीवाला, म्हणजे तेव्हाचा, डोक्याला लाल फडकं गुंडाळलेला, ‘टाकी लावा, टाकीऽ’ करत आळीत शिरतो. तू जात्याची वरची पाळू उचलायला शेजारच्या काकूंना हाक मारतेस. तो अंगणात पाळू उलटी टाकून तिच्यापुढे बसतो आणि मधल्या भोकापासून कडेकडे एकेक टाका घालत जातो. दगडाची पूड उडते. मी जवळ सरकले की तो छिन्नीनेच मागे हो अशी खूण करतो. एकामागून एक करत आळीतली सगळी जाती तो त्या दिवशी टाकवतो. जेवायची भाकरीही तो आपल्या ओट्यावरच खातो, कोरड्यास काकूंच्या घरचं.

टाकी लावल्यावर पहिलं दळण माणसांनी खायचं नसतं. भरड-कोंडा दळून ते पीठ गुरांपुढे टाकायचं, मग घरचं धान्य घालायचं, हे तू मला नंतर शिकवलंस. त्या दिवशी तू तसं केलं नाहीस. घरात ज्वारी थोडी होती आणि ती टाकायला तुझा हात झाला नाही. आळीतल्या बाकीच्या बायकांचंही तेच झालं असणार, कारण त्या संध्याकाळी घरोघर दात कचकचत होते. अण्णांनी पहिला घास तोंडात घातला आणि थांबले. म्हणाले, “पीठ दळतीस का खडी फोडतीस?” तू तव्यावरून मान वर न करता म्हणालीस, “टाकीवाला आत्ता गेला. दोन दिस लागंल कच.” अण्णांनी चूळ भरली आणि उरलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. इतकंच.

तिसऱ्या दिवशी कळलं की त्याला पकडलं. पलीकडच्या वस्तीवर त्याच दिवशी कुणाचं तरी घर फुटलं होतं. त्याच्या जमातीला सरकारने कायद्यानेच गुन्हेगार ठरवलेलं आहे. पाळण्यातलं मूलसुद्धा त्यात आलं, त्यामुळे दुसरा कुणी शोधायची गरज पडली नाही. पोलीसपाटलाने चावडीवर आळीतल्या पुरुषांना विचारलं, तो इथं होता का. एकेकाने सांगितलं की आम्ही रानात होतो. अण्णांनीही तेच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं नव्हतंच. बायकांना कुणी विचारलं नाही. त्या संध्याकाळी तू अण्णांना एवढंच म्हणालीस, “तुमच्या तोंडात हुती की कच.” अण्णा म्हणाले, “चावडीचं बायांनी बोलू न्हाई.” तू बोलली नाहीस. उजाडायच्या आत जात्यावर बसलीस आणि नेहमीच्या ओव्या संपल्यावर ही म्हटलीस:

टाकी लागली जात्याला, कच आली भाकरीत
दाताखाली साक्ष ज्याच्या, तोंड का न्हाई उघडीत

पलीकडच्या घरातलं जातं थांबलं. मग काकूंनी तीच ओवी तशीच म्हटली, आणि त्यांच्या पलीकडच्या घरातूनही ती ऐकू आली. अण्णा जागे होते, मला दिसत होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुढच्या दिवसांत दुसरी ओवी आली, आज म्हणतात ती अशी:

बिनगुन्ह्याच्या माणसाला, फौजदार धरून नेतो
जातं सांगतं घरोघर, ऐकायाला कोण येतो

मला ती चाल आवडली म्हणून मी एकदा जेवताना गुणगुणले. अण्णांचा हात ताटातच राहिला. तू उलथन्याचा दांडा माझ्या बोटांवर मारलास, आणि मागच्या दारी नेऊन सांगितलंस, “जात्यावरचं जात्यावर. ताटावर न्हाई आनायचं.” मी रडले नाही. पण तेव्हापासून गाणं कुठे म्हणायचं आणि कुठे नाही याची एक रेघ माझ्या डोक्यात बसली, आणि मी ती कधी ओलांडली नाही. आता ओलांडणार आहे. म्हणूनही हे पत्र.

गाण्याने तो सुटला नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण लोक गाण्याविषयी भलतंसलतं बोलतात. त्याने शिक्षा पूर्ण भोगली. पण तो परत आला तो दिवस मी पाहिला आहे. तो केसांनी पांढरा झालेला होता, आणि त्याने ‘टाकी लावा’ अशी हाकही दिली नाही. नुसता येऊन काकूंच्या ओट्याखाली बसला. आत दळण चाललं होतं आणि गाणं त्याचंच होतं. तेव्हा त्यात त्याचं नाव होतं, दुसऱ्या ओवीच्या सुरुवातीलाच. काकूंना तो बसलेला दिसला तशा त्या गप्प झाल्या. तो म्हणाला, “थांबू नगा. कुनाचं हाय ह्ये?” काकूंनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू सूप घेऊन उभी होतीस, आणि अण्णा गोठ्यात होते. त्याला गाण्याबद्दल राग येईल असं तुला वाटलं असावं, कारण तू म्हणालीस, दादा, नको असंल तर मोडून टाकते. त्याने मान हलवली. मग म्हणाला:

“मोडू नगा, बाई. माझं नाव तेवढं काढा. ह्ये आमच्यात कुनाला तरी पुन्ना लागनार हाय.”

तू नाव काढलंस. त्या जागी ‘बिनगुन्ह्याच्या माणसाला’ हे शब्द तेव्हा आले. जाताना त्याने झोळीतून हाताच्या पंजाएवढं जातं काढून माझ्यापुढे ठेवलं. खरंखुरं होतं ते, खुंट्यासकट, आतल्या बाजूला टाके घातलेलं. खेळात मी त्यावर तांदळाची कणी दळत असे. आज ते औषधांच्या खोलीत माझ्या टेबलावर आहे. पुड्यांचे कागद उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवते.

तू गेल्यावर ते गाणं मी कुणाला म्हणून दाखवलं नाही. मावशीकडे पिठाच्या गिरणीतून दळण येत असे, त्यामुळे म्हणायला जागाही नव्हती. गाणं आपल्या आळीत राहिलं असेल आणि काकूंच्या बरोबर संपेल, असा माझा अंदाज होता. तो चुकला. बेचाळीस साली देशाचे मोठे पुढारी इथल्या किल्ल्यात आणून ठेवले, हे तू पाहिलं नाहीस. किल्ल्याकडे जायला कुणाला परवानगी नाही, पण शहरात पहाटे प्रभातफेऱ्या निघत. एका सकाळी दवाखान्याच्या फाटकावरून शाळेतल्या मुलींची फेरी गेली, आणि त्या म्हणत होत्या ती चाल तुझी होती. शब्द बदललेले होते. जातं गेलं होतं, किल्ला आला होता. पण ‘बिनगुन्ह्याच्या माणसाला’ तसंच होतं. मी फाटकापाशी उभी राहिले. त्या मुलींना कुठून मिळालं हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्या दिवशी एका बाटलीत पाणी जास्त पडलं आणि ते मिक्श्चर मला पुन्हा करावं लागलं.

आता सोमवारचं. हा नवा टाकीवाला मला रस्त्यावरच्या हाकेमुळे दिसला. जातं बघून तो म्हणाला की टाके पार झिजलेत, दुपार जाईल. ऊन चढलं तेव्हा पाणी मागायला तो माझ्या खिडकीशी आला. तांब्या तोंडाला लावता लावता तो थांबला आणि टेबलाकडे बघायला लागला. म्हणाला, ते लहान जातं जरा दावता का. मी दिलं. त्याने वरची पाळू उचलली, आतल्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “ही आमच्या चुलत्याची टाकी हाय. त्यो डावरा हुता.” चुलता कुठे आहे असं मी विचारलं. वारला, म्हणाला. मग जातं दोन्ही हातांनी परत दिलं आणि कामाला गेला. गाण्याबद्दल मी त्याला काही बोलले नाही. पण आपल्या आळीतला माणूस डावखुरा होता का हे आठवायचा मी दुपारभर प्रयत्न करत होते, आणि खिडकीतून याच्या हातांकडे परत परत बघत होते. म्हणून तो कुठे होता हे मी इतक्या खात्रीने सांगू शकते.

संध्याकाळी वॉर्डात मलम घेऊन गेले तर तिथे भाकरीवरून कुरबूर चालू होती. स्वयंपाकाच्या बाई नव्या होत्या. रेशनची ज्वारी, ती टाकायची कशी, म्हणून त्यांनीही तुझ्यासारखंच पहिलंच पीठ मळलं होतं. खिडकीजवळच्या खाटेवर सोनईच्या एक आजी आहेत, मोतीबिंदू काढलाय, डोळ्यांवर पट्टी. त्या घास घोळवत म्हणाल्या, “जात्याला टाकी लागलिया जनू.” शेजारच्या खाटेवर तांबोळ्यांची सून आहे, पाय मोडलेली. ती म्हणाली, “आजी, तुमाला दात तरी हायती का कच लागायला?” आजी म्हणाल्या, “दोन हायती. पर दोगं बी खरं बोलत्यात.” वॉर्ड हसला. आणि त्या हसण्यातच आजींनी, आई, तुझी पहिली ओवी म्हटली.

मी मलमाची डबी धरून तिथेच उभी राहिले. तांबोळ्यांच्या सुनेने दुसरी ओवी उचलली. म्हणाली, आमच्यात बी म्हनत्यात की ही, माज्या सासूला येती. आजी म्हणाल्या, सोनईत ती त्यांच्या धाकट्या जावेने आणली, तिच्या माहेराहून. जावेचं माहेर आपल्या गावाच्या पलीकडे दोन शेतांवर. मी हिशेब केला आणि तो जुळला. गाणं तुझंच होतं आणि सुना घेऊन गेल्या होत्या. मी डबी खाटेवर ठेवली आणि निघून आले. अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं.

बुधवारी टाकीवाल्याची बायको फाटकावर आली. नवऱ्याने तिला सोमवारचं काम सांगितलं होतं, म्हणून दवाखाना शोधत आली होती. रडत नव्हती. तिने विचारलं, पाणी दिलं ती बाई कोन. मी म्हटलं, मी. ती म्हणाली की गाव सोडायला त्यांना चौकीवरून पास काढावा लागतो, तो त्याच्याकडे होता, आणि आता पोलीस तोच पास दाखवतात. पास आहे म्हणजे गावाबाहेर होता, गावाबाहेर होता म्हणजे चोरी त्यानेच केली. ती म्हणाली, “बाई, तुमी बगितलं का न्हाई त्यांला? व्हय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. मंजी मी मागं तरी जाते.” चावडीवर उभे असलेले अण्णा माझ्या डोळ्यांपुढे आले. मी हो म्हटलं. कोर्टातही म्हणेन, असंही म्हटलं.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले तेव्हा त्या पहिल्यांदा नाही म्हणाल्या. दिवस असे आहेत, दवाखाना राजकारणात पडत नाही, तू चिठ्ठी लिहून दे आणि विसर. मी म्हटलं की यात राजकारण नाही, एक माणूस एका दुपारी एका ठिकाणी होता एवढंच आहे, आणि चिठ्ठीची उलटतपासणी करता येत नाही, माझी करता येते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतकं लांब वाक्य मी त्यांच्यापुढे कधी बोलले नव्हते. मग म्हणाल्या, गुरुवारची औषधं बुधवारीच करून ठेव, आणि आजींना पायी नेऊ नकोस, टांगा ने.

कारण आजीही येणार आहेत. वकिलांना आधी ते पटेना. डोळ्यांवर पट्टी असलेली साक्षीदार घेऊन मी कोर्टात काय सांगू, असं ते म्हणाले. मी ते आजींना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्यास्नी सांग, डोळ्यानं बगितल्यालं कुनी बी सांगंल. मी चावल्यालं सांगते.” वकील हसले, पण नाव लिहून घेतलं. स्वयंपाकाच्या बाई घाबरल्या होत्या. कच पडली ही आपली चूक, ती कोर्टात कबूल केली तर नोकरी जाईल असं त्यांना वाटत होतं. त्यांना मी आपल्या घरच्या ज्वारीची गोष्ट सांगितली. मग त्याही येते म्हणाल्या. तांबोळ्यांच्या सुनेचा पाय बांधलेला आहे, ती येऊ शकत नाही, पण तिने सासूला निरोप धाडलाय. सासू त्यांच्या आळीतल्या चार जणींना घेऊन फाटकाशी येणार आहे. त्यांनी काही पाहिलेलंही नाही आणि चावलेलंही नाही. त्या कशाला, असं मी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या की कोर्टात जायचं म्हटलं की बोलायला तोंड उघडत नाही. गायला मात्र उघडतं. आपण म्हणत म्हणत जाऊ, मग दारात पोचेपर्यंत उघडलेलंच असेल.

म्हणजे गाणं जात्यावरून उठून रस्त्याने जाणार आहे, आई, आणि ज्याच्या हातात निकाल आहे त्याच्या दारापर्यंत जाणार आहे. तू बोटांवर मारलंस ते मी विसरलेले नाही. पण तुझी ती मनाई गाण्यासाठी नव्हती, अण्णांसाठी होती, असं आता मला वाटतं. त्यांना ताटावर बसल्या जागी लाजवू नये म्हणून. अण्णांना मी शनिवारी गावाकडे जाणाऱ्या माणसाबरोबर कळवलं. त्यांचं काल उत्तर आलं, दुसऱ्याकडून लिहवलेलं. त्यात पाऊसपाणी आहे, बैल विकल्याचं आहे, आणि शेवटी एक ओळ आहे: जे बघितलं ते सांग, खाल्लं ते बी सांग. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ते इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून ऐकत होते.

मी केलेलं मिक्श्चर काही दिवसांत उतरतं, मग ते फेकून द्यायचं असतं. तसं मी बाटलीवरच लिहिते. तुझं गाणं कधी केलं आणि ते अजून कसं लागू पडतं, याचा मी त्याच पद्धतीने विचार केला. एक कारण सापडलं. त्यात नाव नाही, आणि ते काढायला ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच सांगितलं. किल्ल्यातल्या मोठ्या माणसांना ते चाललं, पालावरच्या माणसालाही चालतं. ते चालायची गरज संपली तर बरंच होईल. तोवर ते असू दे. या पत्रात मीही कुणाचं नाव लिहिलेलं नाही, ते त्याच कारणाने.

गुरुवारी काय होईल हे मला ठाऊक नाही. पण वकिलांना वाटतं की तो सुटेल. त्याच्या जमातीच्या माणसासाठी गावातल्या बायका साक्षीला आल्या असं त्यांनी तरी कधी पाहिलेलं नाही, आणि मॅजिस्ट्रेटनेही पाहिलेलं नसणार. मलाही वाटतं तो सुटेल. हे मी मोजून लिहिते आहे.

एकच अडचण राहिली. तो परत आल्यावर तू तिसरी ओवी केलीस, पुढे कुणाला लागेल म्हणून. तिची पहिली ओळ सगळ्यांना एकच येते:

दार उघडंल तुरुंगाचं, दिस येईल कासराभर

पुढची मात्र प्रत्येकीची वेगळी. सोनईत म्हणतात, ‘भाकर वाढीन बिनकचीची, घास घेईल पोटभर’. तांबोळ्यांच्या सुनेच्या सासूची ओळ आणखी निराळी आहे. काल आजींना मी सांगितलं की हे गाणं माझ्या आईचं. त्या बराच वेळ माझा हात चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग करनारीनं क्येलीय तीच म्हनायची. इचारून सांग.” तू नाहीस हे त्यांना सांगायचं राहून गेलं. मला आठवत नाही, असं सांगितलं.

ते पूर्ण खरं नाही. न आठवायला ती ओळ मी ऐकलेली असायला हवी. तू दळायला बसलीस की मी येऊन तुझ्या मांडीवर डोकं ठेवायची. तुझा गुडघा खुंट्याबरोबर हलत असे आणि पीठ माझ्या केसांत पडत असे. पहिल्या दोन ओव्या मी जागी राहून ऐकायची. तिसरीच्या पहिल्या ओळीपर्यंत कशीबशी पोचायची, आणि मग दर वेळी मला झोप लागायची.

हा कागद त्या लहान जात्याखाली ठेवते. ती ओळ काय होती ते बुधवारी संध्याकाळपर्यंत कळव.